पाय निघत नाही

भीमेला जाऊन मिळणाऱ्या एका नदीच्या वळणावर, जिथे पाणी काळ्या खडकाला टेकून जरा थबकते आणि मग नाइलाजाने पुढे जाते, तिथे आज बाभळीचे रान, जुन्या वस्तीच्या पांढरीची दोन टेकाडे आणि शेळ्या चारणारी माणसे यांखेरीज काही दिसत नाही. पण तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका पहाटे, तांबडे फुटायच्या बेताला, त्याच वळणावर मातीचा रुंद तट उभा होता, तटाबाहेर कोरडा खंदक होता, आत कुडाच्या भिंतींची आणि गवती छपरांची घरे दाटीवाटीने बसली होती, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, गावातल्या कुठल्याही घरापेक्षा उंच असे धान्याचे कोठार होते. गावाचे नाव बेलकोंड.

नाव मी दिलेले आहे. त्या लोकांना लिहिता येत नव्हते, त्यामुळे गावाला आणि माणसांना मी झाडापेडांची नावे देऊन टाकली आहेत. ती त्यांनी गोड मानून घ्यावीत. राजा नाही, सिंहासन नाही, घोडा नाही, तलवार नाही, मग यात इतिहास तो कसला, असे म्हणून कुणाला नाक मुरडायचे असेल तर त्याने खुशाल मुरडावे. जिथे कोठार आले तिथे त्याचे दार कुणाच्या हाती हा प्रश्न आलाच, आणि त्या प्रश्नापायी माणसे काय काय करतात हे पाहायला सिंहासनाची गरज पडत नाही.

तर त्या पहाटे तटाच्या मावळतीकडच्या खिंडीतून एक बाई एकटीच बाहेर पडली आणि नदीत उतरली. नदी कसली, नुसती वाळू. पाणी उरले होते ते खडकाखालच्या खोल कोंडात. खिंडीवरच्या पहारेकऱ्याला वाटले, पाण्याला चालली. बाईच्या काखेत घागर होतीच, पण डोक्यावर टोपलीही होती, आणि टोपलीत तिच्या नवऱ्याचे दोन पाय होते.

बाईचे नाव उंबरी. मावळतीच्या आळीतली कुंभारीण, आदल्या दुपारपर्यंत खैराची बायको आणि त्यानंतर त्याची विधवा. वाचणाऱ्याने एवढ्यात अंगावर काटा आणू नये. बेलकोंडची रीतच तशी होती. जाणते माणूस मेले की गारेच्या दगडाच्या धारदार पात्याने त्याचे पाय घोट्यापासून वेगळे करायचे, पाय कोंडाच्या पाण्यात सोडायचे, आणि माणसाला त्याच्याच घरात, चुलीजवळच्या जमिनीखाली निजवायचे. यात क्रूरपणा नव्हता हो, जीव होता. गेलेल्याने उठून कुठे निघून जाऊ नये, लेकरांच्या पायरवात, रांधण्याच्या वासात राहावे, एवढ्यासाठी हा खटाटोप. आपण आजही म्हणतो ना, की अमक्या घरातून माझा पाय निघत नाही. त्यांनी ते खरेच करून ठेवले होते. लहान मुलांचे मात्र पाय काढत नसत. ती एकटी कुठे जाणार, म्हणून त्यांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत निजवायचे. उंबरीची लेक तशीच तिच्या झोपडीत, तिनेच भाजलेल्या दोन रांजणांत निजलेली होती.

या रीतीतूनच बेलकोंडचा कायदा निघाला होता. ज्या जमिनीखाली तुमचा बिनपायांचा माणूस, ते तुमचे घर. तिथून तुम्हाला कुणी उठवू शकत नाही, आणि एकदा मूठभर माती पडल्यावर त्या माणसालाही कुणी हलवायचे नाही. कारण बिचाऱ्याला परत चालत येता येत नाही, तो कायमचा चुकतो, आणि त्याचे तळतळाट हलवणाऱ्याच्या सात कुळांना लागतात. अपवाद एकच, गावचा मुख्य. त्याला सगळे थोरला म्हणत. थोरल्याचे पाय काढत नसत. त्याला चार पायांच्या प्रचंड रांजणात, अखंड देहाने, मांडी घालून बसवत आणि कोठाराच्या अंगणात पुरत. सगळे गाव त्याचेच घर, त्याने हवे तिथे हिंडावे, असा त्याचा मान. हा मान ध्यानात असू द्या.

बेलकोंडचा सारा डोलारा पाट आणि कोठार या दोन गोष्टींवर होता. पावसाळ्यात नदीला लोंढा आला की पाणी तटाच्या कडेने खोदलेल्या पाटात वळवायचे, शेतांवर खेळवायचे, आणि त्या ओलीवर हिवाळ्यात सातू, मसूर, वाटाणा पिकवायचा. पाट दर साली गाळाने भरे आणि तो उपसायला गावातला हरेक धडधाकट हात लागे. मग तो उगवतीच्या आळीतला शेतकरी असो, मधल्या आळीतला थोरल्याचा भाऊबंद असो, की मावळतीच्या आळीतला कुंभार नाहीतर गारेची पाती काढणारा असो. पीक आले की शेतवाल्यांनी आपला वाटा कोठारात घालायचा, बिनशेतवाल्यांनी कणग्या लिंपायच्या, रांजण घडवायचे, हत्यारे पुरवायची. आणि टंचाई आली की कोठाराचे दार सगळ्यांना सारखे. हा नियम कुणी कुठे कोरून ठेवला नव्हता. सगळे पाळत होते म्हणून तो होता, आणि असला नियम मोडायला एक हुशार माणूस पुरतो.

तसा माणूस बेलकोंडात होता. त्याचे नाव कुडा. थोरला अंजन वारल्यावर त्याचा मुलगा शिसव कोवळ्या वयात थोरला झाला, आणि शिसवाचा सख्खा मामा म्हणून कुडा त्याच्या उजव्या हाताला येऊन बसला. गाव त्याला कुडा मामा म्हणे. बोलायला लाघवी, कुणाच्या घरी काय शिजते ते वासावरून ओळखणारा, आणि पक्का आतल्या गाठीचा.

दोन पावसाळे कोरडे गेले. कोठारातली जमिनीतली पेवे एकामागून एक रिती झाली, फक्त वरच्या कणग्यांत धान्य उरले, आणि कुडाने आपली खलबते सुरू केली. शिसवाला त्याने एकांतात सांगितले की सगळी तोंडे खाऊ लागली तर बियाणेही संपेल, आणि बियाणे संपवणारा थोरला म्हणून पुढची माणसे तुझ्या नावाने थुंकतील. तेव्हा जे पेरत नाहीत त्यांनी खाऊ नये हेच बरे. उगवतीच्या आळीत जाऊन तो म्हणाला की मावळतीचे लोक गेले तर त्यांचा घास तुमच्याच ताटात पडेल. मावळतीच्या कुंभारांच्या घागरींतले पाणी जन्मभर पीत आलेल्या त्या शेतकऱ्यांनी हे ऐकले, जमिनीकडे पाहिले, आणि तोंडातून ब्र काढला नाही. मला त्यांचा भारी राग येतो. भूक सगळ्यांनाच होती, पण मुकाट राहण्याची सक्ती त्यांच्यावर कुणी केली नव्हती. कुडाच्या मनात तर पुढचेही शिजत होते. आज मावळतीचे, उद्या उगवतीतले दुबळे, असे करत करत कोठार आणि आपली भावकी एवढेच बेलकोंड उरले की दार आपोआप आपल्या हाती येईल, हा त्याचा हिशेब होता.

मावळतीची आळी त्याला सापडली यालाही कारण होते. त्यांची जुनी वस्ती तटाखाली नदीकाठी होती. दुष्काळाच्या आदल्या साली जो मोठा पूर आला त्यात ती घरांसकट, घरांखालच्या माणसांसकट वाहून गेली. तेव्हा थोरल्या अंजनने त्यांना तटाच्या आत घेतले आणि मावळतीकडची मोकळी जागा दिली. त्या नव्या जागेत त्यांनी मुले पुरली होती, पण जाणते माणूस अजून एकही नाही. त्यामुळे कायद्याने ती जागा अजून त्यांची झालेलीच नव्हती. कुडाने हे बरोबर हेरून ठेवले होते.

आणि नेमका खैरा मेला. अर्धपोटी असूनही मावळतीची आळी पाट उपसायला आली होती. कुणी बोलावले नव्हते, पण उन्हाळ्यात पाट उपसायचा असतो म्हणून आली होती. खैरा तळाशी गाळ खणत होता, वर उगवतीच्या आळीतला पळस त्याच्याकडून पाट्या घेत होता, आणि काठ ढासळला. पळसने दोन्ही हातांनी माती उकरली, नखे निघाली तरी थांबला नाही. खैरा बाहेर निघाला तोवर त्याच्यात काही उरले नव्हते.

कुडाने वेळ दवडला नाही. त्याच सांजेला गावात हाळी फिरली, की उद्या दिवस मावळायच्या आत मावळतीच्या आळीने तट सोडावा. जोडीला उंबरीकडे वेगळा निरोप आला. तुमचा माणूस तटाच्या आत पुरायचा नाही, नदीपलीकडे न्या, आणि पायांसकट न्या. तुम्ही चालत जाणार आहात, तोही तुमच्या मागोमाग चालत येईल. असे बोलायला जीभ कशी रेटते कोण जाणे. पाय काढणारा म्हातारा पातेवाला गावात एकच होता. त्याला मावळतीच्या आळीत पाऊल टाकायची बंदी झाली. आळीत कुणी जमीन खणू नये म्हणून भालाईत उभे केले गेले. सगळा पक्का बंदोबस्त करून कुडा निवांत झाला.

चूक झाली ती इथेच. बेलकोंडात पिढ्यान् पिढ्या पाय पातेवाल्यानेच काढले होते, दुसऱ्या कुणी त्या कामाला हातही लावलेला नव्हता; म्हणून पातेवाल्याला अडवले की पाय अडले, असे कुडाने गृहीत धरले. पाती जिथे बनतात त्याच आळीवर आपण पहारा बसवला आहे, हे त्याच्या ध्यानातच आले नाही.

शेजारच्या पाती काढणाऱ्याने पहाटे उंबरीच्या हातात नवे पाते ठेवले आणि तो तोंड फिरवून उभा राहिला. तिने ते काम स्वतः केले. ज्या पायांनी चिखल तुडवून त्या दोघांनी संसार केला होता ते पाय तिने धुतले, टोपलीत ठेवले, आणि रडायचे ते रडून घेतले. लेक जमिनीखाली सोडून ती जाणार नव्हती. आणि खैराला झोपडीत पुरून नुसती झोपडी वाचली असती, कोठाराचे दार बंदच राहिले असते, हेही तिला कळत होते. म्हणून कोंडावरून परतल्यावर तिने थोरल्याकडे उलट निरोप धाडला. निरोप मोठा नम्र होता. आम्ही जातो, पण पाटावर मेलेल्याच्या मुखात थोरल्याने कोठारातल्या कणगीपाशी, स्वतःच्या हाताने मूठभर सातू घालायचे असतात, तेवढा रिवाज व्हावा आणि मग आम्हाला वाट द्यावी.

शिसवाने तात्काळ होकार दिला, कारण त्याला रात्रभर झोप नव्हती. कुडालाही त्यात काही वावगे दिसले नाही. उलट, जाणाऱ्यांनाही थोरला न्यायाने वागवतो हे गावाने पाहिलेले बरे, असेच त्याला वाटले.

दिवस कासराभर वर आला तेव्हा मावळतीची आळी निघाली. पुढे चौघांच्या खांद्यावर चटईत गुंडाळलेला खैरा, मागे उंबरी, तिच्यामागे आळीतल्या साऱ्या बाया डोक्यावर रांजण, माठ, तोटीच्या घागरी घेऊन. बघणाऱ्यांना वाटले, संसार उचलून चालल्या. त्या भांड्यांत काय आहे ते कुणी विचारले नाही. कोठाराच्या दारात भालाईत उभे होते आणि त्यांचा नाईक होता पळस, बोटांना चिंध्या बांधलेला. अंगणात, नवऱ्याच्या रांजणावरच्या दगडाशी, अंजनची विधवा बकुळा बसली होती. गाव तिला थोरली आई म्हणे. ती फारशी कुणाशी बोलत नसे.

आत अंधार होता आणि धान्याचा वास होता, इतका की उपाशी पोरे जागीच थांबली. कणग्या भिंतीला लागून उभ्या होत्या, आणि मधल्या जमिनीत एक रिते पेव तोंड उघडून पडले होते. चौघांनी खैराला नेमके त्याच्या काठावर ठेवले. शिसवाने कणगीत हात घातला, मूठ भरली आणि खैराच्या ओठांवर सातू ठेवले.

"खैरा," तो रिवाजाचे शब्द म्हणाला, "तू पाटाला हात दिलास, कोठार तुला मूठ देत आहे. सुखाने जा."

"तो जाणार नाही, थोरले," उंबरी म्हणाली.

तिने चटई पायाकडून उलगडली. जे दिसायला हवे होते ते तिथे नव्हते. कुडाला काय झाले ते कळेपर्यंत चौघांनी खैराला पेवात उतरवले होते, आणि उंबरीने काठावरची माती मुठीत घेऊन त्याच्यावर टाकली होती. एवढेच. गावातल्या कुठल्याही घरात याहून जास्त काही करत नसत. मग बायांनी डोक्यावरची भांडी खाली उतरवली, आणि त्यांत शेण घालून मळलेली, भुसा मिसळलेली माती होती, जमीन सारवायची.

कुडाचा चेहरा उतरला, पण गडी लेचापेचा नव्हता. त्याने आवाज चढवला नाही. पाय काढायचा अधिकार एका पातेवाल्याचा आहे, दुसऱ्याने काढलेले पाय काढलेले नव्हेत, सबब हा माणूस पायांसकटच आहे आणि त्याला बाहेर काढायला कसलीही आडकाठी नाही, असा त्याने तिथल्या तिथे निवाडा दिला. दोन-चार माना डोलल्यासुद्धा. असल्या निवाड्यांना डोलणाऱ्या माना कुठल्याही काळात मिळतात.

"मामा, तुमचंच खरं असेल," उंबरी म्हणाली. "मग असं करा, त्याला हाक मारा. पाय आहेत म्हणता ना, तर तो चालत वर येईल. आला तर मी त्याचा हात धरून आत्ता नदीपलीकडे जाते."

मागे कुणीतरी हसले. त्या गावात फार दिवसांनी कुणी हसले होते. कुडाने पळसकडे वळून हुकूम केला, की पेवात उतर आणि त्याला वर काढ.

पळसने पेवात पाहिले. त्याने चिंध्या बांधलेल्या बोटांनी भाला जमिनीवर आडवा ठेवला आणि त्याच्याशेजारी तो मांडी घालून बसला.

"काल मी त्याला मातीतून एकदा काढलाय," तो म्हणाला. "पुन्हा काढणार नाही."

बाकीच्या भालाईतांनी एकमेकांकडे पाहिले. बसले कुणी नाही, पण पुढेही कुणी झाले नाही. तेव्हा कुडाने आपले शेवटचे अस्त्र काढले, आणि ते खरोखरच भारी होते. तो उंबरीशी नाही, जमलेल्या साऱ्या गावाशी बोलला.

"लोकहो, हे कोठार कुणाचं? हे थोरल्यांच्या घराण्याचं. थोरले अंजन याच्या अंगणात बसले आहेत. जिथे आपला माणूस तिथे आपलं घर, हा कायदा या बाईला पाठ आहे ना? मग आमचा माणूस इथे आधीपासून आहे. दुसऱ्याच्या घरात घुसून मुडदा पुरणाऱ्याला बेलकोंडात काय म्हणतात ते तुम्हीच सांगा."

उगवतीची माणसे पुन्हा जमिनीकडे पाहू लागली. शिसव मामाकडून उंबरीकडे आणि उंबरीकडून मामाकडे पाहत राहिला. मावळतीच्या बायांचे मातीने भरलेले हात तसेच राहिले. आता यांना उचलून बाहेर काढणार, हे त्या क्षणी सगळ्यांनीच मनाशी धरले होते.

उंबरी पेवाच्या काठावरून उठली. तिने आधी अंगणाकडे, अंजनच्या दगडाकडे हात जोडले.

"थोरले अंजन मोठा माणूस," ती म्हणाली. "पुरातून आम्हाला उचलून त्यांनीच तटाच्या आत घेतलं, त्यांना मी नाव ठेवणार नाही. पण मामा, त्यांना तुम्ही पायांसकट बसवलंत. मान म्हणून बसवलंत. त्यांनी हवं तिथे जावं म्हणून बसवलंत. मग ते आत्ता इथे आहेत हे तुम्ही कशावरून सांगता? ज्याला पाय आहेत तो आज असेल, उद्या नसेल. तो पाहुणा. माझ्या माणसाला पाय नाहीत. कोठाराला आग लागली, पूर आला, तुम्ही सगळे उठून गेलात, तरी तो इथेच राहणार. आता सांगा, या कोठाराला घर कोण म्हणू शकतं?"

मान होता तो असा उलटला. ज्या मानाची मिरास घराण्याने पिढ्यान् पिढ्या मिरवली, त्याच मानाने घराण्याला त्या क्षणी अंगणातला पाहुणा करून टाकले. आणि गंमत अशी, की तिच्या बोलण्यात रिवाजाबाहेरचा एक शब्द नव्हता. कुडाला काही सुचेना.

सुचले ते बकुळेला. ती थोरली आई अंगणातून उठून दारात आली तशी माणसे बाजूला झाली. ती उंबरीकडे बघत होती, पण बोलली ती मुलाशी.

"शिसव, पोर खरं बोलते. रोज सकाळी मी तुझ्या बापाच्या दगडापाशी दूध ठेवते, आणि रोज मनात येतं की ते आहेत का गेले. गावातली भिकारातली भिकार बाईसुद्धा चुलीपाशी बसून खालच्या नवऱ्याशी बोलते. त्यांना मान मिळाला, मला रिकामी जमीन मिळाली. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, आज सांगते. हिचा माणूस हिच्यापासून तोडू नकोस."

शिसव त्या वेळी खऱ्या अर्थाने थोरला झाला, असे मी म्हणेन. तोवर तो मामाचा भाचा होता. तो पेवाच्या काठाशी गेला, त्याने गुडघे टेकले, माती उचलली आणि आपल्या हाताने खैरावर टाकली. मग त्याने उभे राहून गावाला सांगितले की कोठार हे खैराचे घर आहे. खैराच्या घरच्यांना त्यांच्याच घरातून काढणारा आपण कोण. आणि इथून पुढे दार उघडेल ते सगळ्यांसाठी, मिटेल तेही सगळ्यांसाठी, थोरल्याच्या घरासकट.

बाया पुढे झाल्या आणि त्यांनी पेव बुजवून जमीन सारवली. उगवतीच्या आळीतल्या दोघी-तिघी कुणी न सांगता खाली बसून हात चालवू लागल्या. त्यांचे पुरुष मात्र बराच वेळ बाहेरच घुटमळले.

कुडाने त्या दिवशी दिवस मावळायच्या आत, भावकीतली दोन घरे आणि आपली गुरे घेऊन, तट सोडला. त्याला कुणी हाकलले नाही. त्याचे पाय धड होते, त्याने काढता पाय घेतला.

म्हणून पुढे सगळे गोडगोड झाले असे मात्र समजू नका. धान्य तेवढेच होते आणि तोंडेही तेवढीच. बियाण्याच्या कणगीला कुणी हात लावला नाही, बाकीचे पातळ पेजेवर वाटून घेतले, आणि पाऊस यायच्या आत तिन्ही आळ्यांतली म्हातारी माणसे गेली, पोरेही गेली. बकुळा त्यांतच गेली. तिने आपली पेज शेजारच्या पोराला द्यायला सुरुवात केली होती हे मागाहून कळले. पण मावळतीच्या लोकांनी पाट पुरा उपसला. पहिला लोंढा आला तेव्हा पाणी पाटातून सरळ उगवतीच्या शेतांत शिरले, आणि बांधावर उभा राहून पळस लहान पोरासारखा ओरडला. त्या हिवाळ्यात सातू कमरेला लागले.

शिसव पुष्कळ जगला. त्याच्या काळात थोरल्याचे घर कोठाराच्या रांगेत इतरांच्या मागे उभे राही, आणि पाहुण्यांनी नवल केले तर तो म्हणे, घरमालक आत निजला आहे, मी आपला दारवान.

त्याचे दिवस भरत आले तेव्हा गावाने रिवाजाप्रमाणे चार पायांचा रांजण घडवायला सांगितला. घडवणार कोण, तर उंबरी. तिचे केस पांढरे झाले होते, पण एवढा मोठा रांजण न तडकता भाजणारे दुसरे हात गावात नव्हते. रांजण भट्टीतून निघाला त्याच दिवशी शिसवाने तिला बोलावून घेतले. भावकी भोवती बसलेली होती.

"उंबरीताई," तो म्हणाला, "रांजण चांगला झालाय म्हणतात. त्यात बियाणं भर."

भावकीत कुजबुज झाली. थोरल्याच्या पायाला पाते लागले तर घराण्याचा मान बुडेल, असे एकाने हात जोडून सांगितलेही. शिसवाने त्याचे पुरते ऐकून घेतले.

"मान घेऊन माझा बाप कुठे गेला ते आईला शेवटपर्यंत कळलं नाही," तो म्हणाला. "मला कुठे जायचं नाही. ताई, माझे पाय तू काढ. पातेवाल्याला मी समजावलं आहे."

तिने बरे म्हटले.

आणि मग पुन्हा एका पहाटे, तांबडे फुटायच्या बेताला, मावळतीच्या खिंडीतून ती टोपली घेऊन नदीत उतरली. यावेळी नदीला पाणी होते आणि पहारेकऱ्याने तिला काही न विचारता उठून वाट दिली. कोंडाशी जाऊन तिने थोरल्याचे पाय पाण्यात सोडले, हात धुतले आणि ती परत फिरली. घरी जाण्याआधी ती कोठारात गेली. नव्या रांजणात सातू भरून तो कणग्यांच्या ओळीत उभा केला होता, आणि जमिनीवर खैराच्या शेजारी दुसरे सारवण अजून ओले होते. उंबरी दोघांच्या मध्ये टेकली.

"सोबत आली रे तुला," ती खालच्या माणसाला म्हणाली, आणि ओल्या सारवणावरून हात फिरवू लागली.